पाठातून काढलेला प्रश्न

शाळेच्या पुस्तकातल्या मुलांना आडनावं नसतात. नंदा असते, अजय असतो, एखादी सलमा असते. पण नंदा कुठल्या आळीतली, अजयचं घर कुणाच्या घराला लागून, हे कधी लिहिलेलं नसतं. माझं निम्मं आयुष्य अशा बिनआडनावाच्या मुलांबरोबर गेलं. आधी मी प्राथमिक शाळेत बाई होते, मग सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शिक्षकांना प्रशिक्षण देणारी मॅडम झाले आणि नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात अभ्यासक्रम बदलला तेव्हा नवे पाठ लिहिणाऱ्या गटात गेले. या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "दिवाळी आहे मॅडम, जरा हलकंफुलकं लिहा. मुलांच्या गमतीजमती." गमती पुष्कळ आहेत. पण मला सांगायची आहे ती गोष्ट हलकी नाही, त्याला माझा इलाज नाही.

आधी हा धंदा काय असतो ते सांगते. लोकांना वाटतं, कुणीतरी विद्वान खोलीत बसून पुस्तक लिहितो. तसं नसतं. चौथीतल्या मुलाला वर्षभरात काय काय कळायला हवं हे आधी ठरतं. त्याला अभ्यासक्रम म्हणायचं. मग आमच्यासारखी माणसं त्यातला एकेक तुकडा वाटून घेतात आणि पाठ लिहितात. पाठ गटात वाचला जातो. विषयाचे जाणकार तो कापतात, भाषेचे जाणकार उरलेला धुऊन काढतात, चित्रकार चित्रं काढतो, मग तो काही शाळांत शिकवून बघतात. मुलांना तो पेलला का, शिक्षकाला शिकवता आला का, हे बघून पुन्हा बैठक. या सगळ्यातून पाठ बाहेर येतो तेव्हा लिहिणाऱ्यालाही तो ओळखू येत नाही. भाकरी लिहायची की पोळी, यावर आमच्या गटानं एक अख्खी दुपार घालवलेली आहे. शेवटी "जेवण" लिहिलं.

मला त्या गटात का घेतलं हे मला ठाऊक होतं. माझा जन्म औंधजवळच्या एका खेड्यातल्या वस्तीवरचा. वस्ती म्हटल्यावर कुठली, हे मराठी वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही. गटात सगळ्या समाजाची माणसं दिसायला हवी होती आणि मी पंचवीसेक वर्षं शिकवलेलंही होतं. अध्यक्ष पहिल्याच बैठकीत म्हणाले, "ताई आपल्या गटात आहेत ही फार अभिमानाची गोष्ट." बाकी कुणाबद्दल त्यांनी अभिमान व्यक्त केला नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण मी भारावलेली होते. नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर समता, बंधुता, लोकशाही हे सगळे शब्द होते. संविधानानं या देशातल्या माणसांना एका रांगेत बसवलं खरं, पण गावं मात्र अजून आपापल्या जुन्या जागीच उभी आहेत. मुलांना त्याबद्दल शाळेत पहिल्यांदाच काहीतरी विचारता येणार होतं.

माझ्या वाट्याला "आपलं गाव" हा पाठ आला.

चित्रकार मोठा गुणी माणूस होता. त्यानं मधे देऊळ काढलं, बाजूला शाळा, नदी, लाल कौलांची सारखी घरं. चित्राचा कच्चा कागद घेऊन तो माझ्याशेजारी बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, वस्ती कुठं दाखवू?" हा प्रश्न त्यानं प्रामाणिकपणे विचारला होता. तोही खेड्यातलाच होता. मी काही बोलायच्या आत अध्यक्षांनी ऐकलं. म्हणाले, "दाखवायचीच कशाला? आपल्याला उद्याचं गाव दाखवायचंय." झालं. उद्याच्या गावात सगळी घरं सारख्या अंतरावर बसली.

चित्र माझ्या हातात नव्हतं, पाठाखालचे प्रश्न होते. मी पाठात मुलांना गावातून फिरायला लावलं. पाणी कुठून येतं, दळण कुठं दळतात, पत्रं कुठं येतात. आणि शेवटी एक प्रश्न घातला: "तुमच्या गावातल्या कोणत्या जागी तुम्ही कधीच गेला नाहीत? का गेला नाहीत, ते एकमेकांना सांगा."

हा प्रश्न मला सुचला नाही, तो माझ्याजवळ होताच. आमच्या गावात एक आळी होती, तिथून वस्तीतली पोरं जात नसत. मला कुणी कधी अडवलं नाही, कुणी हाकललं नाही. पायच तिकडं वळत नसत. इतक्या लहान वयात पायांना हे कोण शिकवतं, हे मला कधीच कळलं नव्हतं. मुलांना एकमेकांकडून कळेल असं वाटलं.

गटाला प्रश्न आवडला. कुणाला त्यात निसर्गभ्रमण दिसलं, कुणाला भूगोल. एक जण म्हणाले, "छान आहे, मुलं डोंगरावर जातील, किल्ल्यावर जातील." मी तो समज तसाच राहू दिला.

पाठ शिकवून बघायला दोन शाळा निवडल्या होत्या. एक जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेली. तिथली मुलं घरी कानडी आणि शाळेत मराठी बोलतात, आणि उन्हाळ्यात टँकर आला की दोन्ही भाषा सोडून नुसती ओरडतात. मी प्रश्न विचारला तसे भराभर हात वर झाले. एक जण म्हणाला, समुद्राला. मी म्हटलं, अरे गावातली जागा सांग. तो म्हणाला, "गावात बगण्यासारकं काय न्हाईच की!" वर्ग हसला. मग एक धनगराची मुलगी उठली. फ्रॉकची बटणं तुटलेली, पण आवाज खणखणीत. "आमी मेंढरं घिऊन पार कोकणात जाऊन येतो. सगळं बगितलंय. पर पाटलाच्या घरात आतनं कसं हाय ते न्हाई बगितलं." शेजारी पाटलाचा पुतण्या बसला होता. तो म्हणाला, "ये की मग." ती म्हणाली, "तुजी आज्जी हाय न्हवं." एवढ्यावर ते संपलं आणि दोघं पुन्हा वहीत चित्र काढायला लागली. मी खूश होऊन परतले. हेच तर हवं होतं.

दुसरी शाळा कडेगाव तालुक्यातली. गावाचं नाव लिहीत नाही. चांगलं पाण्याचं, उसाचं गाव. जिल्हा परिषदेची शाळा, आणि चौथीला मुलाणी सर. हे विट्याचे. वडील भांड्यांना कल्हई करत गावोगाव फिरायचे, त्यामुळं सरांना लहानपणापासून या भागातलं प्रत्येक घर मागच्या दारानं माहीत होतं, असं ते हसत सांगायचे. मी आजवर शेकडो वर्गांच्या मागच्या बाकावर बसले असेन. मुलाणी सरांसारखं शिकवणारा माणूस क्वचित बघितला. ते प्रश्न विचारून थांबायचे. बहुतेक शिक्षकांना थांबता येत नाही; दोन क्षण शांतता झाली की ते स्वतःच उत्तर देऊन टाकतात. मुलाणी सर खिडकीबाहेर बघत उभे राहायचे, उत्तर येईपर्यंत.

त्या दिवशी उत्तरं आली ती अशी. गावातली मुलं एकामागून एक म्हणाली, आम्ही वस्तीत कधी गेलो नाही. वस्तीतली मुलं म्हणाली, आम्ही देवळात आत कधी गेलो नाही. सर म्हणाले, "का?" कुणालाच सांगता येईना. मग सानिका नावाची वस्तीतली मुलगी म्हणाली, "कोण नको म्हनत न्हाई सर. आमीच जात न्हाई." आणि आरोही, जिचे आजोबा गावचे माजी सरपंच, म्हणाली, "आमचं पन तसंच हाय. आई म्हनते तिकडं काय काम हाय?"

मग आरोहीनंच विचारलं, "सर, आपन जायचं का?"

हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढं सगळे म्हणाले की शिक्षकांनी पोरांच्या डोक्यात भरवलं. पोरांच्या डोक्यात ते पोरांनीच भरवलं होतं.

मुलाणी सरांनी घाई केली नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना विचारलं, पालकांना निरोप दिले. आरोहीच्या आजोबांनाही विचारलं. त्यांना गावात आबा म्हणत. आबा म्हणाले, "परिसर भेट हाय न्हवं? मग जावा की." शनिवारी सकाळची शाळा असते. त्या शनिवारी मीही साताऱ्याहून पहाटेची एसटी धरून गेले.

आधी वस्तीत गेलो. सानिकाच्या आईनं, शोभानं, अंगण सारवून ठेवलं होतं. शेंगदाण्याचे लाडू केले होते. मुलं आधी कोपऱ्यात गोळा होऊन उभी राहिली. मग कुणाला तरी कोंबडीची पिल्लं दिसली आणि सगळा संकोच संपला. आरोहीनं दोन लाडू खाल्ले, वर तांब्याभर पाणी प्यायली आणि शोभाला म्हणाली, "काकी, आमच्या आईला असलं जमत न्हाई." शोभा माझ्याकडं बघून हसली. ते हसू मला फार दिवस पुरलं असतं.

तिथून आरोहीच्या घरी. आजी दारात आली. तिनं सगळ्यांना सोप्यावर बसवलं, बिस्किटांचे पुडे फोडले. पाणी कागदी कपांतून आलं. गुलाबी फुलं छापलेले कप होते, जत्रेतून उरलेले असावेत. सगळ्यांनाच कप दिले होते, आरोहीलासुद्धा, त्यामुळं कुणाला काही म्हणता येणार नव्हतं. मुलांना तर ते कप इतके आवडले की काहींनी दप्तरात ठेवले. मी माझा कप हातात धरून बसले. आजी म्हणाली, "प्या की बाई." मी प्यायले.

मग देऊळ. पारावर म्हातारी माणसं बसली होती. मुलाणी सर पायऱ्यांपाशी थांबले आणि म्हणाले, "जा, मी चपला सांभाळतो." आणि खरोखरच तेवढ्या सगळ्या चपलांपाशी ते उभे राहिले, शेवटपर्यंत. मुलं आत गेली. गावातली मुलं वस्तीतल्या मुलांना दाखवत होती, हे इथं असं, ते तिथं तसं. सानिकाचा हात घंटेला पुरत नव्हता, आरोहीनं तिला उचललं, दोघी पडता पडता वाचल्या. घंटा वाजली. पारावरची माणसं बघत होती. एकानं तंबाखू मळत विचारलं, "साळा काय?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "व्हय, व्हय."

परत येताना एसटीत मला झोप लागली नाही, आणि मी हसत होते, असं समोरच्या बाईनं मला सांगितलं.

रविवारी देऊळ धुतलं गेलं. मला ते मागाहून कळलं. विचारलं तेव्हा गावानं सांगितलं की देऊळ अधूनमधून धुतात, त्यात काय विशेष.

सोमवारी चौथीच्या वर्गात फक्त वस्तीतली मुलं होती. मंगळवारीही. बुधवारी सरांचा फोन आला आणि मी गेले. शाळेच्या व्हरांड्यात आबा खुर्चीवर बसले होते, आणखी चारपाच माणसं उभी होती. आबांनी मला बघून उठून नमस्कार केला. अपमान केला असता तर सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली, चहा मागवला.

"मॅडम," ते म्हणाले, "आमच्या गावात भेदभाव न्हाई. तुमी कुनालाबी इचारा. जयंतीला आमी वर्गणी देतो. लग्नात समदे जेवत्यात. कवा कुनाला देवळात येऊ नको म्हनलंय आमी?"

"नाही म्हणालात," मी म्हटलं. "म्हणूनच तर मुलं गेली, आबा."

"मग झालं तर. न्हाईच तर त्यो प्रश्न कशापायी? लेकरास्नी ठावं न्हवतं ह्या घराचं त्या घराचं. तुमी इचारलं आन् ठावं झालं."

"त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच सांगितलं."

आबांनी कपातला चहा संपवला. मग आवाज न चढवता म्हणाले, "नात घरी येऊन आज्जीला इचारती, कागदी कप कशाला दिलं म्हनून. समद्यांच्या म्होरं. म्हातारी दोन दिस जेवली न्हाई. हे शिकवाय साळा काडलीया व्हय?"

आरोहीला कळलं होतं तर! मला वाटलं होतं मुलांना कप आवडले. त्या क्षणी मला इतका आनंद झाला आणि लगेच इतकी भीती वाटली, की चहा तसाच राहिला.

मागं उभ्या असलेल्यांपैकी एक तरुण म्हणाला, "आन् ह्ये सर. ह्येंचं देवळात काय काम हुतं?"

"सर आत गेलेच नाहीत," मी म्हटलं. "चपलांपाशी उभे होते. मी बघितलंय."

"आमाला म्हाईत हाय त्ये काय करत हुते."

मुलाणी सर तिथंच उभे होते. त्यांनी मान खाली घातली नाही, वरही केली नाही. खिडकीबाहेर बघत होते, वर्गात थांबायचे तसे. पण या वेळी उत्तर येणार नव्हतं.

तक्रार झाली ती मुलाणी सरांवर. परवानगीशिवाय मुलांना बाहेर नेलं, धार्मिक ठिकाणी नेऊन भावना दुखावल्या, अभ्यास सोडून भलतं शिकवलं. मी वरिष्ठांकडं गेले. म्हटलं, पाठ माझा, उपक्रम माझा, त्या दिवशी मी हजर होते, जबाबदारी माझी. तसं लिहूनही दिलं. साहेब वाईट नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर तक्रार नाहीये. येणारही नाही."

"का?"

"तुमच्यावर केली तर उलटा कायदा लागू शकतो. तेवढं कळतं त्यांना."

मला संरक्षण द्यायला जो कायदा केला, तो मला वाचवत होता आणि माझ्याऐवजी दुसऱ्याला पुढं ढकलत होता. मी त्या खोलीतून तशीच बाहेर आले. रागानं म्हणावं, तर कुणावर?

सरांची बदली जतला झाली. बदली ही शिक्षा नसते असं आमच्या खात्यात म्हणतात. सोयीसाठी असते. ज्याची सोय व्हायची त्याची झाली.

मग पाठ लिहिणाऱ्या गटाची बैठक. माझ्याआधीच बातमी पोचली होती. अध्यक्ष फार मऊ आवाजात बोलले. "ताई, तुमची भावना आम्हाला समजते. पण मुलांचं वय काय? चौथी. या वयात त्यांच्या मनात फट पाडायची का?"

मी म्हटलं, "सर, प्रश्नामुळं फट पडली नाही. होती ती दिसली."

"दिसायला नको ना, एवढ्यात."

"मग कधी?"

"पुढच्या इयत्तांत येईलच की, संविधान."

भाषेचे जाणकार म्हणाले, प्रश्नाची रचना नकारार्थी आहे. लहान मुलांना होकारार्थी प्रश्न विचारावेत असं बालमानसशास्त्र सांगतं. ज्यांना पूर्वी त्यात किल्ले दिसले होते, तेही मान हलवायला लागले. मी पुष्कळ बोलले. जतच्या मुलीबद्दल सांगितलं, आरोहीबद्दल सांगितलं. म्हटलं, एका दहा वर्षांच्या मुलीला कागदी कप कळला, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं शिक्षण आहे, याहून वेगळं तुम्हाला पुस्तकातून काय हवंय? कुणी विरोध केला नाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझा विरोध नोंदवा म्हटलं, तर इतिवृत्तात आलं, "सविस्तर चर्चा झाली." प्रश्न गेला. त्या जागी आला: "तुमच्या गावातील पाहण्यासारख्या ठिकाणांची नावे लिहा." मग मी म्हटलं, निदान माझं नाव काढा. तर म्हणाले, तुमचं नाव काढलं तर गटात प्रतिनिधित्व राहत नाही. पुस्तकाच्या आतल्या पानावर माझं नाव अजून आहे. छापील अक्षरात फार सुबक दिसतं.

यानंतरचं काम सगळ्यात कठीण गेलं. नव्या पुस्तकाचं प्रशिक्षण मलाच द्यायचं होतं. सांगलीत एका सभागृहात शिक्षकांचा मोठा गट, माइक, पंखे, समोर केळी आणि वेफर्स. मी पडद्यावर पाठ दाखवला. एक तरुण शिक्षिका उठली. "मॅडम, या चित्रातल्या गावात वस्ती दिसत नाही. मुलांनी विचारलं तर काय सांगायचं?" मी म्हटलं, "खरं सांगा." सभागृहात कुजबुज झाली. मागून एक जण म्हणाला, "आणि बदली झाली तर?" सगळे हसले. मी माइक खाली ठेवला. त्या मुलीला मी नंतर शोधलं, पण ती जेवायला थांबली नव्हती.

मधल्या काळात गावात काय झालं ते सांगते, कारण खरी किंमत तिथं मोजली गेली. आबांच्या गटानं कडेगावच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावापर्यंत आणली. आधी चौथीची पोरं गेली, मग तिसरीची, मग सगळीच. कुणी म्हटलं नाही की वस्तीतल्या पोरांबरोबर नको म्हणून नेली. इंग्रजी पाहिजे म्हणून नेली. जिल्हा परिषदेची शाळा वस्तीतल्या मुलांची शाळा झाली. जे कायद्यानं कुणाला करता आलं नसतं, ते एका गाडीनं केलं, आणि त्यात बेकायदा असं काही नव्हतं. पुढं पटसंख्या कमी म्हणून ती शाळाही बंद झाली आणि उरलेली मुलं शेजारच्या गावात पाठवली. आता त्या इमारतीत गावच्या मंडळाची मोठी भांडी आणि मांडवाचे खांब ठेवतात.

मुलाणी सरांना मी निवृत्तीनंतर जतला जाऊन भेटले. त्यांनी तिथं शाळा फार नीटनेटकी ठेवली होती. भिंतींवर रंगीत चित्रं, सुविचार, संविधानातले शब्द. तालुक्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला होता, तोही त्या भिंतींसाठी. मी वर्गात मागं बसले. त्यांनी प्रश्न विचारला आणि लगेच उत्तर सांगितलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. मधे थांबणं नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं.

"मॅडम," ते म्हणाले, "मुलीचं कॉलेज आहे सांगलीत. घरी आई आजारी. आणखी एक बदली मला झेपणार नाही."

"मी तुम्हाला दोष देत नाही, सर."

"माहीत आहे. म्हणून तर सांगितलं."

त्यांनी मला स्टँडपर्यंत सोडलं, गाडी सुटेपर्यंत उभे राहिले. त्या गावाबद्दल त्यांनी एक शब्दही विचारला नाही.

मीच मग गेल्या उन्हाळ्यात त्या गावात गेले. सांगायला काम काही नव्हतं. शोभाच्या अंगणात आता फरशी आहे. सानिका मोठी झाली आहे, सांगलीला नर्सिंग शिकते, सुट्टीला घरी आली होती. शोभानं ओळखलं, पण पूर्वीसारखं हसली नाही. चहा दिला, समोर बसली आणि बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"बाई, राग मानू नका," ती म्हणाली. "तुमी चांगल्यासाटी केलं. पर आदी निदान येका वर्गात तरी बसत हुती लेकरं. आता रस्त्यात गाटभेट झाली तर तोंड फिरवत्यात. म्या पोरीला किती दिस देवळाच्या वाटंनं सुदीक जाऊ दिलं न्हाई."

"आई, त्यांना कशाला बोलतीस?" सानिका आतून म्हणाली.

"बोलत न्हाई गं. सांगते."

मी म्हटलं, "तुम्ही बोललात तरी चालेल, शोभाताई." आणि मग, कशासाठी कोण जाणे, सानिकाला विचारलं, "तुला आठवतो का तो दिवस?"

ती बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली. जरा विचार करून म्हणाली, "आठवतो की. मला लई वाटायचं मॅडम, आत काहीतरी असणार. कुणी सांगत नाही, कुणी नेत नाही, म्हणजे काहीतरी मोठं असणार. मी आत गेले आणि सगळीकडं बघितलं."

"मग?"

"काही नव्हतं. फरशी होती. गार होतं." तिनं खांदे उडवले. "मला खरंच वाटलं होतं, काहीतरी असंल."

शोभा उठली आणि माझा रिकामा कप घेऊन आत गेली.